गेटवरून परत पाठवलं अन् हातात एकही कागद नाही, आता काय करायचं?

दर्यापूरकडच्या एका भावानं विचारलं आहे. त्यांची गोष्ट आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं सगळ्यांना कळेल.

सात वर्षं चार महिने एका जिनिंग-प्रेसिंगवर काट्यावर कामाला. सीझनमध्ये कापसाच्या गाड्या मोजायच्या, सीझन सरला की त्याच शेठच्या ऑइल मिलमध्ये सरकी-ढेपेच्या गाड्या अन् गोडाऊन पाहायचं. पगार १३,०००, त्यातले ९,००० बँकेत येत, ४,००० हातात. नेमणुकीचं पत्र कधी दिलंच नाही. पीएफ कापत नव्हते, त्याबद्दल दिवाळीनंतर एकदा विचारलं. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी सकाळी ड्यूटीवर गेले तर चौकीदारानं गेटवरच थांबवलं, "शेठनं तुमाले आत सोडाले नाई सांगतलं." शेठला फोन केला तर शेठ म्हणाले, काट्यात घोळ आहे तुमचा, उद्यापासून येऊ नका. याला आता अकरा दिवस झाले, अन् मुनीमजी व्हॉट्सॲपवर मेसेज टाकून राहिले की राजीनाम्यावर सही करा अन् राहिलेला पगार घेऊन जा. भावाचे प्रश्न दोन. नोटीस न देता काढलं तर एक महिन्याचा पगार भेटेल का? आणि केस केली तर नोकरी परत भेटेल का?

मी अठरा वर्षांपासून कामगारांच्या बाजूनं केसेस पाहतो, जास्त करून अमरावतीला, जिनिंग, दालमिल, सूतगिरणी, पतसंस्था अशा ठिकाणच्या. तर भाऊ, तुमचा खरा प्रश्न नोटीसचा नाहीच आहे. तुम्ही नोटीस नोटीस करून राहिले, पण आज तुमच्याजवळ शेठनं तुम्हाला काढलं याचाच कागद नाही. उद्या कामगार ऑफिसनं बोलावलं की शेठचा माणूस काय सांगेल ते मी आताच सांगतो, कारण दहातल्या आठ केसमध्ये हेच ऐकतो मी, "आम्ही त्याले काढलंच नाई साहेब, तोच यायचा बंद झाला." झालं. काढलंच नाही तर नोटीस कायची अन् भरपाई कायची? म्हणून पहिलं काम हे की जे गेटवर तोंडी झालं ते कागदावर आणायचं, आणि ते या आठवड्यात, कारण जितके दिवस तुम्ही घरी चूप बसाल तितकी शेठची गोष्ट खरी वाटत जाते.

तर उद्याच एक पत्र लिहा. वकिलाची गरज नाही, हातानं लिहिलं तरी चालते, झेरॉक्स काढून ठेवा. शब्द साधे ठेवा: "मी अमुक तारखेला सकाळी ८ वाजता नेहमीप्रमाणे कामावर आलो असता मला गेटवर अडवण्यात आले. मला कामावरून काढल्याचे कोणतेही पत्र मिळालेले नाही. मी राजीनामा दिलेला नाही. मी त्या दिवशी कामावर हजर होतो व आजही काम करण्यास तयार आहे. मला कामावर घ्यावे, घेत नसल्यास त्याचे कारण लेखी कळवावे." बस. त्यात राग नको, शिवी नको, तुम्ही किती इमानदारीनं काम केलं त्याचा पाढा नको, पीएफची तक्रारही याच पत्रात कोंबू नका. ते "आजही काम करण्यास तयार आहे" हे वाक्य मात्र सुटलं नाही पायजे, पुढचे दोन-चार वर्षं सगळी केस त्या एका वाक्यावर उभी राहते.

पाठवायचं पोस्टानं. जुनी रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात मिळवली आहे, तर खिडकीवर सांगायचं की पोचपावती पायजे, अन् जी पावती देतील ती वहीला चिकटवून ठेवायची, कारण ती शाई उन्हानं-घामानं उडून जाते, मी कोर्टात कोऱ्या पावत्या पाहिल्या आहेत. एक पत्र मिलच्या पत्त्यावर अन् एक शेठच्या घरच्या पत्त्यावर. त्याच पत्राचा फोटो शेठला अन् मुनीमजीला व्हॉट्सॲपवरही टाका.

आता शेठ पत्र घेणारच नाही असं होऊ शकते. गावात पोस्टमन ओळखीचा असते, पाकीट पाहून शेठ म्हणेल वापस ने. मग ते पाकीट "घेण्यास नकार" असा शेरा मारून तुमच्याकडे परत येईल. ते फोडू नका! माझ्याकडे एका दालमिलच्या हमालाची केस होती, त्याचं पाकीट परत आलं, त्यानं ते तसंच बंद आपल्या टिनाच्या पेटीत साड्यांच्या खाली ठेवून दिलं. अडीच वर्षांनी कोर्टात मालक उलटतपासणीत म्हणाला की आम्हाला कधी पत्रच आलं नाही. मी ते पाकीट साहेबांसमोर ठेवलं, वर पोस्टाचा शिक्का, तारीख, पोस्टमनच्या हातचा शेरा. साहेबांनी तिथंच फोडायला लावलं, आतमध्ये वहीचं फाडलेलं पान, "मी कामावर येण्यास तयार आहे." त्या दिवसानंतर मालकाच्या वकिलाची बोलायची पद्धतच बदलली. फोडलेलं असतं तर म्हणाले असते कागद नंतर बदलून टाकला.

अजून एक होऊ शकते अन् इथं आपली माणसं लय चुकतात. पत्र भेटल्यावर शेठचा वकील हुशार असला तर तो उत्तर पाठवेल, आम्ही काढलं नाही, तुम्ही कामावर या. तर भाऊ, दुसऱ्या दिवशी जा. आता कायले जाऊ, इज्जत गेली, असं म्हणून घरी बसू नका. कोर्ट विचारते की बोलावलं होतं तर गेले काऊन नाही, अन् त्या तारखेपासूनचा मागचा पगार, म्हणजे कामाबाहेर ठेवलेल्या दिवसांचा पगार, तुमच्या हातानं जाते. जा, घेतलं तर कामाला लागा. गेटवर परत अडवलं तर गेटचा फोटो काढा, अन् त्याच दिवशी दुसरं पत्र टाका की तुमच्या पत्राप्रमाणे आलो होतो, घेतलं नाही. म्हणजे आता शेठचंच पत्र तुमचा पुरावा झाला.

राजीनाम्यावर सही करायची नाही, हे तर तुम्हाला सांगायची गरज नसावी, तरी सांगतो, कारण घरात पैसा नसला की अठरा-वीस दिवसांचा अडकलेला पगार लय मोठा दिसते. कोऱ्या कागदावर तर नाहीच नाही, व्हाउचरवरही "पूर्ण हिशोब मिळाला, कोणतीही तक्रार नाही" असं छापलेलं असलं तर तिथं सही नाही. राहिलेला पगार हा तुमचा केलेल्या कामाचा आहे, तो राजीनाम्याशी बांधताच येत नाही. नवीन वेतन संहितेत तर काढलं किंवा सोडलं तरी दोन कामाच्या दिवसांत पगार चुकता करायचा असं लिहिलं आहे. अन् मुनीमजीचा तो मेसेज डिलीट करू नका, उलट तो तुमच्या कामाचा आहे. विचार करा, तुम्ही आपल्या मनानं काम सोडलं असतं तर अकरा दिवसांनी राजीनामा मागायची पाळी मुनीमजीवर आली असती का? तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट काढा, दोन ठिकाणी पाठवून ठेवा, अन् तो मोबाइल विकू नका किंवा फॉरमॅट मारू नका.

आता शेठनं फोनवर जे कारण सांगितलं त्याकडे येतो, काट्यात घोळ. इथं कायद्याची वाट दोन फाट्यांनी जाते अन् तुम्ही कोणत्या फाट्यावर आहे ते पाहणं गरजेचं.

एक फाटा असा की धंदा मंदा आहे, माणूस जास्त झाला, म्हणून कमी करतो. याला कपात म्हणतात. यात तुमचा काही दोष नसते, म्हणून कायदा म्हणते की ज्यानं मागच्या १२ महिन्यांत २४० दिवस काम केलं त्याला कारण सांगून एक महिन्याची लेखी नोटीस द्या किंवा तिच्या बदल्यात पगार द्या, अन् वरून दर पूर्ण वर्षाला १५ दिवसांच्या पगाराइतकी भरपाई द्या. हे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं, २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तिच्यातही हेच कायम आहे. अन् हे नंतर कधी सवडीनं द्यायचे पैसे नाहीत, काढायच्या आधीची अट आहे. अट पाळली नाही तर ते काढणंच बेकायदेशीर ठरते. म्हणूनच मी म्हणतो की "मला एक महिन्याचा नोटीसचा पगार द्या" एवढंच मागू नका, तेवढं मागितलं म्हणजे तुम्ही काढणं मान्य करून फक्त १३,००० चा हिशोब मागून राहिले.

दुसरा फाटा म्हणजे गैरवर्तन, चोरी, काटा मारणं. तिथं नोटीसपेक्षा चौकशी महत्त्वाची. लेखी आरोप द्यायचा, कोणती गाडी, कोणती तारीख, किती किलोचा फरक, मग तुमचं म्हणणं ऐकायचं, साक्षीदाराला प्रश्न विचारायची तुम्हाला संधी द्यायची, मगच शिक्षा. चौकीदाराच्या तोंडून बडतर्फी होत नसते. १९९३ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर अगदी तुमच्यासारखा मामला होता, कामगार म्हणे मला गेटवर अडवलं, कंपनी म्हणे तो आठ दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिला म्हणून नियमाप्रमाणे त्याचं नाव कमी झालं. कोर्टानं सांगितलं की ऐकून न घेता, चौकशी न करता असं नाव कमी करता येत नाही, अन् त्याला अर्ध्या मागच्या पगारासह परत घ्यायला लावलं.

पण एक कडू गोष्टही सांगून ठेवतो, नाहीतर उद्या म्हणाल भाऊनं सांगितलंच नाही. चौकशी केली नाही म्हणजे तुम्ही केस जिंकलीच असं नाही. मालकाला कोर्टात नव्यानं पुरावा देऊन आरोप सिद्ध करायची संधी भेटते. म्हणून मला विचारत असाल तर आधी स्वतःला विचारा, काट्यात खरंच काही झालं होतं का? कोण्या गाडीवाल्याशी वाद? एखाद्या दिवशी काटा बिघडला होता अन् तुम्ही तोंडी सांगितलं होतं? जे काही असेल ते आपल्या वकिलाला पहिल्याच दिवशी सांगा, चांगलं अन् वाईट दोन्ही. मला वाटते शेठ हा आरोप लेखी देणार नाही, कारण लेखी दिला की त्याला आपल्याच काट्याची नोंद कोर्टात आणावी लागते, अन् काट्यात घोळ आहे हे कापूस विकणाऱ्या गावांपुढं स्वतःच्या सहीनं लिहून द्यायला कोणताही जिनिंगवाला शंभरदा विचार करते. पीएफचं विचारल्यावर पंधरा-वीस दिवसांत हे झालं, हा क्रमही कोर्टापुढं येऊ द्या, तारखेनिशी.

आता २४० दिवसांचं. ही सगळ्यात मोठी लढाई अन् आपल्याकडच्या जिनिंगच्या केसेस इथंच पडतात, कारण मालक म्हणते हा सीझनचा माणूस, कार्तिक ते फाल्गुन. २००२ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की २४० दिवस भरले हे दाखवायचं काम कामगाराचं, नुसतं शपथपत्र देऊन भागत नाही. हे ऐकून माणूस खचते, कारण हजेरीपट तर मालकाच्या कपाटात. पण तुमच्या बाबतीत मला तितकी भीती नाही वाटत, अन् त्याचं कारण ते बँकेतले ९,०००. उद्या बँकेत जा, शिक्का मारलेलं सात वर्षांचं स्टेटमेंट काढा. एप्रिल, मे, जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, या महिन्यांतही मिलच्या खात्यातून पैसे आले असतील तर सीझनचा माणूस ही गोष्ट तिथंच संपते, जिनिंग बंद असताना शेठ दान म्हणून तर पगार टाकत नव्हता ना. महिना पगारावर असाल तर पगारी रविवार अन् सणाच्या सुट्ट्याही २४० मध्ये धरायच्या, हे १९८५ पासून सुप्रीम कोर्टानं सांगून ठेवलं आहे, म्हणजे प्रत्यक्ष हातानं काम केलेले दिवस कमी भरले तरी घाबरायचं नाही.

सीझनच्या दिवसांचा पुरावा तर तुमच्या गावागावांत पडला आहे अन् तुम्हाला त्याचा पत्ता नाही. काट्याची पावती! गाडी नंबर, भरलं वजन, खाली वजन, निव्वळ, तारीख, वेळ, अन् खाली कोपऱ्यात काटेवाल्याची सही. शेतकरी ती पावती फेकत नाही, पीकविम्याच्या कागदासोबत, सातबाऱ्याच्या पिशवीत वर्षानुवर्षं पडून राहते. तुमच्या सोबतचे कामगार साक्ष द्यायला येणार नाहीत, त्यांना उद्या तिथंच काम करायचं आहे, त्यांच्यावर रागावूही नका. पण तुमचे सोयरे, भाऊकीतले, शेजारच्या गावचे ओळखीचे शेतकरी यांनी त्या मिलवर कापूस घातलाच असेल. घरोघरी जाऊन पावत्या मागा, मागच्या बारा महिन्यांतल्या आधी, अन् शक्य तर प्रत्येक वर्षाच्या दोन-चार तरी, म्हणजे सात वर्षांची साखळी दिसते. मूळ पावती त्यांच्याकडेच राहू द्या, फोटो अन् झेरॉक्स घ्या, अन् त्यातले दोन शेतकरी मूळ पावती घेऊन कोर्टात येतील का एवढं विचारून ठेवा. तुमच्या मिलवर सीसीआयची, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाची, खरेदी झाली असेल तर ते अजून चांगलं, त्या खरेदीच्या नोंदी एकट्या शेठच्या हातात नसतात, माहितीच्या अधिकारात मागता येतात. मिलमधलं मूळ रजिस्टर मात्र उचलून आणू नका, कोणाकडून आणवूही नका, चोरीची फिर्याद हातानं देणं झालं ते. रजिस्टर मागवायचा अर्ज कोर्टात करता येते, अन् सांगूनही मालकानं हजर केलं नाही तर कोर्ट ते त्याच्या विरोधात धरू शकते.

इथपर्यंतचं ध्यानात ठेवा: पत्र टाकायचं, कुठं सही करायची नाही, बँकेचं स्टेटमेंट अन् पावत्या गोळा करायच्या. हे सगळं वकील लावायच्या आधी, अन् खर्च म्हणाल तर पोस्टाचा अन् झेरॉक्सचा.

मग जायचं कुठं? पत्र टाकल्यावर आठ-दहा दिवस वाट पाहा, मग अमरावतीला कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज द्या की मला बेकायदेशीरपणे काढलं, मागच्या पगारासह परत घ्यावं. तिथं समेट अधिकारी दोघांना बोलावते. त्याला हुकूम द्यायचा अधिकार नाही, तो फक्त मिटवायचा प्रयत्न करते, म्हणून तिथं शेठ दोन तारखा आला नाही तर निराश होऊ नका. ४५ दिवसांत मिटलं नाही तर तुम्ही स्वतः कोर्टात अर्ज करू शकता, युनियन पायजेच असं नाही. मुदत पूर्वी तीन वर्षं होती, नव्या संहितेत दोन वर्षं केली, पण दोन वर्षं आहेत म्हणून बसून राहू नका, पावत्या अन् माणसं दोन्ही हरवतात.

महाराष्ट्रात दुसरीही एक वाट आहे, १९७१ चा कायदा, ज्याला आम्ही यूएलपी म्हणतो, अनुचित कामगार प्रथा. सूडबुद्धीनं काढलं, खोटं कारण दाखवून काढलं, चौकशी न करता घाईनं काढलं, हे त्यात बसते, अन् लवकर अंतरिम आदेश मागायची सोय आहे. पण मुदत फक्त ९० दिवस. शिवाय मालकानं "हा आमचा कामगारच नाही, ठेकेदाराचा आहे" असा वाद घातला तर ती तक्रार तिथंच अडकते, कारण आधी नातं सिद्ध करून या म्हणतात. दोन्ही वाटा एकाच वेळी चालता येत नाहीत, एक धरली की दुसरी बंद. तुमच्याजवळ नेमणूक पत्र नाही, पण बँकेत पगार मिलच्या खात्यातून येत असेल तर मी यूएलपीचा विचार करीन. कोण्या तिसऱ्याच्या नावानं येत असेल तर मी समेटाच्या वाटेनंच जाईन. म्हणून स्टेटमेंटवर पाठवणाऱ्याचं नाव काय येते ते आधी पाहा, अन् ९० दिवसांच्या आत कोणत्याही परिस्थितीत वकिलाला कागद दाखवा.

काही गोष्टी तुमच्या प्रश्नात नाहीत अन् त्यावर उत्तर बदलू शकते. तुमच्या हाताखाली माणसं होती का, सुट्ट्या तुम्ही मंजूर करत होते का? काही मालक काटेवाल्याला कागदावर "सुपरवायझर" करून टाकतात अन् म्हणतात हा कामगार नाही. नुसत्या नावानं काही होत नाही, रोजचं मुख्य काम काय ते पाहतात, अन् खरंच देखरेखीचं काम असलं तरी नव्या संहितेत पगार १८,००० च्या वर असेल तरच तो बाहेर जाते, तुम्ही त्यात येत नाही. वाचणाऱ्यांत कोणी खाजगी शाळेतले शिक्षक किंवा शिपाई असतील तर हे सगळं तुम्हाला लागू नाही, तुमचा १९७७ चा वेगळा कायदा, तुमचं शाळा न्यायाधिकरण वेगळं, अन् अपिलाची मुदत फक्त ३० दिवस. ३० दिवस! कितीतरी शिक्षक संस्थाचालकाच्या पाया पडण्यात ते ३० दिवस घालवून बसतात.

पैशाचं बोलू. समजा शेठ समेटात म्हणाला की चला, मिटवून टाकू, तर तुम्हाला आपला आकडा माहीत पायजे. पगार १३,००० धरला तर नोटीसचे १३,०००. कपातीची भरपाई दर वर्षाला अर्धा महिना म्हणजे ६,५००, पूर्ण वर्षं सात, वरचे चार महिने सहाच्या आत आहेत म्हणून सुटले, झाले ४५,५००. ग्रॅच्युइटी वेगळी, तिथं महिन्याला २६ नं भागतात, १३,००० भागिले २६ म्हणजे ५००, गुणिले १५ म्हणजे ७,५००, सात वर्षांचे ५२,५००. तिन्ही मिळून १,११,००० रुपये. अडकलेला पगार, बोनस, रजेचे पैसे अन् पीएफ यात धरलेच नाहीत. अन् हा आकडा कायदेशीर कपात केली असती तर द्यायचा होता, बेकायदेशीर काढलं त्याची किंमत याच्यावर सुरू होते. म्हणून कोणी मध्यस्थ चाळीस हजाराचं पाकीट घेऊन आला तर हुरळून जाऊ नका. अडचण फक्त त्या हातातल्या ४,००० ची, ते सिद्ध नाही झाले तर सगळा हिशोब ९,००० वर येते, म्हणून पगाराच्या चिठ्ठ्या, मुनीमजीच्या "बाकीचे घेऊन जा" अशा जुन्या मेसेजा, काही असेल ते शोधा. ग्रॅच्युइटी अन् पीएफ हे तुमच्या नोकरीच्या केसवर अवलंबून नाहीत, केस हरले तरी ते मागता येतात, त्यांचे अर्ज वेगळे करायचे.

नोकरी परत भेटेल का? खरं सांगतो, कायद्यात भेटते, २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात सांगितलं की चुकीनं काढलं असेल तर मागच्या पगारासह परत घेणं हाच साधारण नियम. पण त्यानंतरच्या निकालांत, रोजंदारीवाल्यांच्या बाबतीत विशेष करून, परत घेण्याऐवजी एकरकमी भरपाई द्या असंही कोर्टं म्हणत आली आहेत. माझ्या हातच्या केसेसमध्ये हुकूम घेऊन खरोखर गेटातून आत गेलेले थोडे, जास्त जणांचं रकमेवर मिटलं, काहींचं तर कोर्टाच्या व्हरांड्यात पुराव्याच्या दिवशी मिटलं. वर्षं लागतात, अन् नागपूरला हायकोर्टात गेलं तर अजून लागतात. म्हणून घरी बसून केस पाहू नका, दुसरं काम धरा. त्यानं केस बिघडत नाही. मात्र विचारलं की खरं सांगायचं, साळ्याच्या वावरात मजुरीनं जातो, रोज इतके भेटतात. लपवलं अन् शेठनं फोटो काढून आणला तर मागच्या पगारासोबत तुमचा शब्दही जाते.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर दर्यापूरच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे, तिथं जा. विधी सेवा कायद्यात औद्योगिक कामगाराला मोफत वकील भेटते, उत्पन्नाची अट न लावता, हे आपल्या लोकांना कोणी सांगतच नाही.

एक शेवटची काळजी मला तुमच्या प्रश्नातून जाणवली, तुम्ही लिहिलं नाही पण आपल्या भागात ते असतेच. बाबांचा कापूस त्याच शेठकडे जात असेल, कदाचित उचलही घेतली असेल. तो हिशोब आधी वेगळा करून घ्या, चिठ्ठी घेऊन, म्हणजे तुमच्या केसचा दाब बाबांवर येणार नाही. सरपंच किंवा कोणी मोठं माणूस मध्ये पडून बसवत असेल तर बसा, मी बैठकीच्या विरोधात नाही, लय केसेस बैठकीत चांगल्या मिटल्या. फक्त जे ठरेल ते समेट अधिकाऱ्यासमोर लिहून घ्या, रक्कम चेकनं किंवा खात्यात घ्या, अन् कागदावर "स्वखुशीने राजीनामा" हे शब्द दिसले तर पेन खाली ठेवा. गावच्या ग्रुपवर शेठबद्दल काही टाकू नका, पोरं घेऊन गेटवर जाऊ नका.

मुनीमजीचा फोन उद्या-परवा परत येईलच. त्यांना एवढंच सांगा, "मी कामावर याले तयार आहो, पत्र टाकलं आहे, उत्तर लेखी द्या." अन् फोन ठेवला की वहीत तारीख, वेळ अन् ते काय बोलले ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा.